नक्कल उरली : तळावलीच्या सांतान चर्चची गोष्ट

जुलैच्या शेवटी गोव्याला येऊ नकोस, असं माझी म्हापशाची मावशी दर वर्षी बजावते. पाऊस धड फिरू देत नाही, कपडे वाळत नाहीत, आणि मासेमारी बंद असल्यामुळे जेवणातही मजा नसते. एका वर्षी मात्र मी मुद्दाम जुलैतच गेलो. मला काकड्यांचं फेस्त पाहायचं होतं.

तिसवाडी तालुक्यातल्या तळावली गावात हे फेस्त भरतं. (फोंड्याकडेही एक तळावली आहे, ती वेगळी.) तिथलं चर्च सांतानचं, म्हणजे सेंट अ‍ॅनचं. ही मेरीची आई, येशूची आजी. तिचा सण २६ जुलैला, आणि त्याच्या आसपासच्या रविवारी गावात ‘तवशांचें फेस्त’ असतं. तवसं म्हणजे काकडी. मालवणीतही हाच शब्द आहे. मूल हवं असलेली जोडपी सांतानपुढे काकडी ठेवतात. ही प्रथा यमकावर उभी आहे. पोर्तुगीजमध्ये काकडीला ‘पेपीनु’ म्हणतात आणि बाळाला ‘मनीनु’. त्याच न्यायाने नवरा हवा असलेली मुलगी उडीद घेऊन येते, कारण उडदाचं पोर्तुगीज वळणाचं रूप ‘उरीदु’ आणि नवरा ‘मरीदु’. बायको हवी असलेला मुलगा चमचा आणतो, कारण चमचा ‘कुल्येर’ आणि बायको ‘मुल्येर’. आपल्याकडचा एखादा कीर्तनकार खूश होईल असा हा सगळा मामला.

पाऊस जरा उघडला तसा मी चर्चसमोर उभा राहिलो. अंगणाच्या कडेला बायका तवशी विकायला बसल्या होत्या. मी वर पाहिलं, आणि आणखी वर पाहायला मान मागे टाकावी लागली. आजूबाजूला शेतं, माड, कौलारू घरं आणि मधोमध हे पांढरं शुभ्र, पाच मजली धूड. शेजारी छत्री मिटून एक वयस्क गृहस्थ उभे होते. चर्चच्या देखभालीत मदत करणारे असावेत. मी उत्साहाच्या भरात म्हणालो, “अंकल, पोर्तुगीजांनी काय बांधलंय हे!”

त्यांनी माझ्याकडे न पाहताच उत्तर दिलं, “पुर्तुगेजांनी न्हय. आमच्यांनी बांदलां.”

हा लेख म्हणजे त्या एका वाक्याची मी नंतर केलेली तपासणी आहे.

दोन मेलेल्या राजधान्यांच्या मध्ये

आधी जागा समजून घेऊ. पणजीहून मडगावकडे जाताना गोवा वेल्हा नावाचं गाव लागतं. हे ओल्ड गोवा नव्हे. गोवा वेल्हा म्हणजे कदंबांच्या गोपकपट्टणाची जागा, पोर्तुगीजांच्याही आधीची राजधानी. तिथे हमरस्ता सोडून पिलारच्या बाजूने आत शिरलं की तळावली येतं. उत्तरेला थोड्या अंतरावर ओल्ड गोवा, म्हणजे पोर्तुगीजांची राजधानी. थोडक्यात, हे गाव दोन मेलेल्या राजधान्यांच्या मध्ये वसलेलं आहे आणि स्वतः मात्र जिवंत आहे. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

चर्चचं बांधकाम १६८१ साली सुरू झालं आणि १६९५ साली पुरं झालं. ते सुरू करण्याचं श्रेय फ्रान्सिस्को दो रेगो या पाद्र्याला दिलं जातं, आणि पूर्ण करण्याचं आंतोनियो फ्रान्सिस्को दा कुन्हा या पाद्र्याला. नावं पोर्तुगीज असली, तरी दो रेगो गोमंतकीय होते, ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या घराण्यातले. म्हणजे अंकलच्या वाक्याला पहिला पुरावा मिळाला. पण त्या काळात असं चर्च एका स्थानिक पाद्र्याने उभं करणं ही केवढी गोष्ट होती, हे कळायला ती चौदा वर्षं पाहावी लागतात.

१६८१ साली औरंगजेब दख्खनच्या स्वारीवर निघाला. १६८३च्या नोव्हेंबरात संभाजीराजांच्या फौजेने ओल्ड गोव्याच्या समोरचं सांत इस्तेव्ह, म्हणजे जुवे बेट घेतलं. व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर जीव वाचवून परतला आणि त्याने सेंट झेवियरच्या शवापाशी जाऊन आपला राजदंड ठेवला, ही गोष्ट गोव्यात आजही सांगितली जाते. पुढच्या काही आठवड्यांत मराठी फौजा बारदेश आणि साष्टीत होत्या. आपण शाळेत ही मोहीम नकाशावरच्या बाणांनी शिकलो. त्या बाणांपासून काही मैलांवर एका गावात तेव्हा जांभ्याचे चिरे रचले जात होते, हे आपल्या पुस्तकात कुठून असणार?

संकट टळलं आणि १६८४च्या जूनमध्ये त्याच व्हाइसरॉयने एक फर्मान काढलं. स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं, असा त्याचा आशय होता. याच गोव्यात १६१६ साली फादर स्टीफन्सचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं गेलं होतं. धर्म लोकांच्या भाषेत सांगायचा, या धोरणापासून लोकांची भाषाच मोडायची, इथवरचा हा प्रवास अडुसष्ट वर्षांचा. १६८६ साली आदिलशाही बुडाली. आणि चर्च पुरं झालं त्याच १६९५ साली व्हाइसरॉयने रोगराईने ग्रासलेलं ओल्ड गोवा सोडून पणेलीला मुक्काम हलवला. राजधानीला उतरती कळा लागलेली, आणि शेजारच्या खेड्यात पाच मजली दर्शनी भिंत उठलेली, असं हे विलक्षण चित्र आहे.

पाद्री, पण दुय्यम

स्थानिक माणूस पाद्री होऊ शकत होता, पण कुठवर, हे ठरलेलं होतं. जेझुइट, फ्रान्सिस्कन, ऑगस्टिनियन अशा मोठ्या संघांचे दरवाजे त्याला जवळपास बंद होते. दिवाडीच्या मातेउस दे कास्त्रोने १६३७ साली थेट रोमला जाऊन बिशपपद मिळवलं; गोव्यातल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याला बिशप मानायचंच नाकारलं. शेवटी काही स्थानिक पाद्र्यांनी ओल्ड गोव्यात आपला वेगळा संघ काढला, आणि १६८५ साली त्यात आलेल्या जोसेफ वाझ यांनी त्याला आकार दिला. हेच पुढे श्रीलंकेत गेलेले संत जोसेफ वाझ. म्हणजे सांतानच्या भिंती चढत होत्या, त्याच वर्षांत गोव्याचे स्थानिक पाद्री ‘आम्ही कुणाहून कमी नाही’ हे निरनिराळ्या मार्गांनी सांगत होते.

दो रेगोंनी हे चुन्यात आणि दगडात सांगितलं, असं मला वाटतं. त्यांनी साधं चर्च बांधलं नाही. त्यांनी नमुना निवडला तो ओल्ड गोव्यातल्या सर्वांत दिमाखदार चर्चचा, ऑगस्टिनियन संघाच्या ‘नॉस्सा सेन्होरा दा ग्रासा’चा. ज्या संघात त्यांच्यासारख्याला सहज जागा नव्हती, त्या संघाचं चर्च त्यांनी आपल्या गावात, आपल्या लोकांसाठी पुन्हा उभं केलं.

मूळ पडलं

ते मूळ चर्च आज कसं आहे, हे ओल्ड गोव्याला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. टेकडीवर लालसर जांभ्याचा एक अर्धवट मनोरा उभा असतो, सुमारे ४६ मीटर उंच. सेंट ऑगस्टिनचा मनोरा म्हणतात तो. चर्च १६०२च्या सुमारास पुरं झालं. १८३५ साली सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले, संन्यासी गेले, मठ ओस पडला. १८४२ साली छत कोसळलं. १९३१ साली दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. त्याची मोठी घंटा आधीच हलवली होती. ती काही वर्षं आग्वादच्या दीपगृहात होती आणि १८७१पासून पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये आहे. पणजीत आपण फोटो काढतो त्या चर्चवर वाजणारी घंटा म्हणजे या पडक्या वास्तूचा आवाज.

मूळ पडलं, नक्कल उरली. ऑगस्टिनियन चर्चची दर्शनी बाजू कशी असेल याची कल्पना करायची असेल, तर आता तळावलीला यावं लागतं.

असं का झालं? दोन्ही वास्तू जांभ्याच्याच. पाऊस दोन्हीकडे तोच, वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर. जांभा सच्छिद्र असतो. त्यावर चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी नसेल, तर पाणी आत शिरतं आणि दगड आतून भुसभुशीत होत जातो. म्हणून जांभ्याच्या इमारतीला वारंवार चुना लावणारे हात लागतात. मठाकडे संन्यासी होते. ते गेले आणि हात संपले. तळावलीच्या चर्चकडे गाव होतं. बारसं, लग्न, मयत, फेस्त या सगळ्यासाठी गावाला चर्च लागत होतं. राजधान्या उठून जातात. शेती सोडून गाव असं एका फर्मानाने उठत नाही.

अर्थात गावाच्या मायेलाही मर्यादा असते. एवढ्या उंच वास्तूचा खर्च खेड्याला कसा झेपावा? न्यूयॉर्कच्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २००० सालच्या आपल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत सांतानचं नाव घातलं होतं. त्याच यादीत जैसलमेरचा किल्लाही होता.

लाल दगडाचा गैरसमज

आता चर्चच्या आत जाऊ. बाहेरून दोन चौकोनी मनोरे, त्यांच्यामध्ये मजल्यामागून मजला चढत जाणारी भिंत, खिडक्यांच्या रांगा, अर्धस्तंभ, कठडे. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो उजेड. वर अर्धगोल कमानी छत, त्यावर चौकटींची नक्षी. बाजूच्या भिंतींत कोनाडे, आणि त्यांच्या माथ्यावर पंख्यासारखे उघडलेले शिंपले. भिंती इतक्या जाड की त्यांच्या पोटातून अरुंद वाटा गेलेल्या आहेत. गावात सांगतात, या वाटा गुपचूप कन्फेशनसाठी होत्या. असतीलही. मला मात्र त्यात बांधकामातली अक्कल दिसते. दगडी कमानी छत दोन्ही बाजूंच्या भिंतींना सतत बाहेर रेटत असतं. युरोपात अनेकदा त्याला बाहेरून दगडी टेकू देतात. इथे भिंतच रुंद केली, आणि त्या रुंदीत वाटा आणि कोनाडे बसवले. बाहेरून पाहणाऱ्याला सरळ, स्वच्छ पांढरी भिंत दिसते.

पोर्तुगीज वास्तुइतिहासकार पाउलो व्हारेला गोमिश यांनी गोव्याच्या चर्चवर एक पुस्तक लिहिलं, ‘व्हाइटवॉश, रेड स्टोन’. ते २०११ साली आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, गोव्यातली चर्च ही पोर्तुगीज चर्चची वसाहतीतली आवृत्ती नव्हेत. अशी चर्च पोर्तुगालमध्ये नाहीत. ती गोमंतकीयांनी घडवलेली स्वतंत्र शैली आहे. तिच्यात युरोप आहे, तसंच विजापूरही आहे. त्यांच्या आधी गोमंतकीय विद्वान जुझे परेरा यांनीही आपल्या बरोक वास्तुकलेवरच्या लेखनात भारतीय बरोकला स्वतःचं स्थान दिलं होतं. पुस्तकाच्या नावातला लाल दगड हा टोमणा आहे. ओल्ड गोव्याचं बॉम जेझुस चर्च आज लाल दिसतं, कारण १९५०च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांनी त्यावरचा गिलावा काढून टाकला. दगड उघडा म्हणजे वास्तू अधिक ‘जुनी’ दिसते, अशी ती समजूत. पर्यटकांना आवडलेला तो लाल रंग म्हणजे खरं तर सोललेली कातडी.

मी दुसऱ्या दिवशी मावशीबरोबर कवळ्याच्या शांतादुर्गेला गेलो. शाहू महाराजांच्या काळात, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने हे देऊळ आजच्या रूपात उभं राहिलं. लहानपणापासून पाहिलेलं देऊळ, पण तळावलीहून आल्यावर वेगळंच दिसलं. कमानीच्या खिडक्या, अर्धस्तंभ, मजल्यांचा पट्टा, वरचा घुमट. “अगं, हे चर्चसारखं आहे,” मी म्हणालो. मावशी म्हणाली, “चर्च देवळासारखं असेल.” दोघंही थोडे थोडे बरोबर असू. गवंड्यांच्या हातांना सवय असते, धर्म नसतो.

‘आमच्यांनी’ म्हणजे कुणी?

इथवर अंकलचं वाक्य खरं ठरतं आणि लेख आनंदात संपवता येतो. पण ‘आमच्यांनी’ हा शब्द मला सोडत नाही.

तिसवाडी पोर्तुगीजांनी १५१० साली घेतली. १५४०च्या सुमारास इथली देवळं पाडली गेली, आणि १५४१ साली गावकारांकडून देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवून घेण्यात आलं. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदीपलीकडे नार्व्याला गेला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला. १५६०पासून गोव्यात इन्क्विझिशन होतं. तळावलीच्या लोकांचे पणजोबा कोणत्या दबावातून ख्रिस्ती झाले, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. तेव्हा ‘आमच्यांनी बांधलं’ यात आधी जे मोडलं गेलं, तेही ‘आमचंच’ होतं.

दुसरी गोष्ट जातीची. बाटल्यावर जात गेली नाही. पोर्तुगीजांसमोर मान ताठ ठेवायला स्थानिक पाद्र्यांनी जो आधार घेतला, तो बऱ्याचदा आपल्या ब्राह्मण कुळाचाच होता. १७०२ साली आंतोनियो जुआंव दे फ्रियाश या गोमंतकीय पाद्र्याने लिस्बनमध्ये ब्राह्मणांची थोरवी सांगणारा ग्रंथ छापला. १७१३ साली लेओनार्दो पाइश यांनी चाड्डे, म्हणजे क्षत्रिय कुळातल्या ख्रिस्त्यांची बाजू मांडणारा ग्रंथ काढला. दोघेही ख्रिस्ती, दोघेही पाद्री, आणि भांडण वर्णांचं! सांतानची भिंत ज्या अभिमानातून उठली, त्यात हाही अभिमान मिसळलेला असणार. आणि ज्यांनी जांभ्याचे चिरे काढले, वाहिले, चुना मळला, पाच मजल्यांवर चढवला, त्यांचं एकही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. दो रेगोंचं आलं, दा कुन्हांचं आलं. ‘आमच्यांनी’ या शब्दात ते बाकीचे मावतात का?

मावतात, असं मला वाटतं. पण ते आपण मुद्दाम ठरवलं तरच. ‘पोर्तुगीजांनी बांधलं’ हे माझं वाक्य सरळ चूक होतं. त्यात दो रेगोही पुसले जात होते आणि तो अनाम गवंडीही. मराठीत आपण किती सहज म्हणतो, ‘पोर्तुगीज चर्च’, ‘इंग्रजी वाडा’, ‘मुसलमानी घुमट’. हुकूम कुणाचा होता ते आपण लक्षात ठेवतो. हात कुणाचे होते ते विसरतो. आणि मग ती वास्तू परक्यांची ठरवून तिच्या पडझडीतून आपण मोकळे होतो.

आजी

सांतानबद्दल गावात एक दंतकथा आहे. डोक्यावर टोपी आणि हातात काठी घेतलेली एक म्हातारी टेकडी उतरून आली आणि म्हणाली, मला इथे घर हवं. ती सांतान होती. या कथेतली संत तरुण नाही, तेजःपुंज नाही, राणीही नाही. ती काठी टेकत, पावसापाण्याची चालत आलेली एक आजी आहे. आपल्याकडच्या किती ग्रामदेवता अशाच म्हातारीच्या रूपात गावाच्या वेशीवर येतात! शिवाय एक योगायोग पाहा. ‘सांता आना’चं कोकणीत झालं ‘सांतान’, आणि मराठी कानाला त्यात ‘संतान’ ऐकू येतं. तिच्याकडे लोक मूलच मागतात. योगायोगच, पण मनातून जात नाही.

मी निघालो तेव्हा पाऊस पुन्हा सुरू झाला होता. अंगणात काकड्यांची रास भिजत होती. कपाळाला कुंकू लावलेली एक बाई, मागे तिचा नवरा, हातात एकच तवसं घेऊन रांगेत उभी होती. पुढे एक ख्रिस्ती जोडपं होतं. त्यांच्या हातातही तवसंच. अंकल दाराशी उभे राहून, छत्र्या बाहेर ठेवा, फरशी ओली होते, असं सगळ्यांना सांगत होते.

जाताना मी त्यांना म्हणालो, “अंकल, तुमचं बरोबर होतं.”

त्यांनी भिंतीच्या पायथ्याकडे बोट दाखवलं. तिथे सफेदी फुगून पापुद्रा सुटला होता, आणि आतला जांभा लाल दिसत होता. “बांदलां आमच्यांनी,” ते म्हणाले, “चुनो लावपाक कोण येता तें सांग.”